आहेर आणू नये

"उजे, माझ्या डोळ्यांना काय झालंय, का ह्या पत्रिकेला?"

अन्साआत्या देवापुढची पत्रिका हातभर लांब धरून उभी होती. नुकतीच कडेगावच्या एस.टी.तून उतरून आलेली, पायसुद्धा धुतले नव्हते. कार्याची पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे, आणि देवापुढची पत्रिका कुणी वाचत नाही. आत्याने वाचली. ती चौथी शिकलेली होती, आणि त्या काळी चौथी शिकलेली बाई दिसेल ते अक्षर वाचून काढत असे.

"खालची वळ वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचली. 'आपले शुभाशीर्वाद हाच आमचा आहेर. कृपया कोणीही आहेर अथवा भेटवस्तू आणू नये, ही नम्र विनंती.'

आई उद्याच्या जेवणाचे तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला.

"किती वाटल्यासा?" आत्याने तिला विचारलं.

"सगळ्या. तीनशे. ह्यांनीच सायकलवर फिरून वाटल्या."

आत्या मटकन खाली बसली. "झालं. बोंबला आता."

बोंबलण्यासारखंच होतं. कारण उद्याचं सगळं कार्य निव्वळ आहेरासाठी काढलेलं होतं.

साल अठ्ठ्याण्णव. मी रशियात डॉक्टरकीची दोन वर्षं संपवून सुट्टीला विट्याला आले होते. माझे वडील अण्णा, म्हणजे बापूराव तोडकर, डॉक्टर गुजरांच्या दवाखान्यात पंचवीस वर्षं कंपाउंडर होते. औषधांच्या खिडकीतून निम्म्या तालुक्याला त्यांनी बाटल्या भरून दिल्या होत्या. मुलगी डॉक्टर व्हावी एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात केली. इथल्या खाजगी कॉलेजच्या डोनेशनचा आकडा ऐकून ते पाणी न पिता परत आले होते. मग कुणीतरी रशियाचं सांगितलं. तिथे स्वस्त होतं हे खरंच, पण फी डॉलरमध्ये होती, आणि डॉलर काही अण्णांना विचारून वर जात नव्हता. पहिल्या वर्षाला आईचे दागिने गेले, दुसऱ्याला तिच्या माहेरची वाटणी. तिसऱ्या वर्षाचे साठ हजार रुपये एक सप्टेंबरच्या आत भरायचे होते. नाही भरले तर नाव कमी, आणि दोन वर्षं पाण्यात.

विकण्यासारखी घरात एकच गोष्ट उरली होती. मायणी रस्त्याची दोन गुंठे जागा. मी आठवीत असताना अण्णांनी ती माझ्या दवाखान्यासाठी घेऊन ठेवली होती, म्हणजे मी डॉक्टर होणार हे मला कळायच्या आधी. तिचा विषय निघाला की आई उठून आत जायची. "जागा गेली तर पोरगी शिकून परत कशापायी येईल?" एवढंच म्हणायची.

तेव्हा ही कार्याची कल्पना आत्याने काढली. अण्णांची थोरली बहीण ती. तिची कल्पना म्हणजे घरात हुकूमच असे.

"बापू, पंचवीस वर्षं गावातल्या एकेका लग्नाला तू आहेर घातलास. तुझ्या घरात कार्य झालं कुठं? एकच पोरगी तुला. तिच्या लग्नात जे परत यायचं, ते आत्ताच येऊ दे की! सत्यनारायण घाल, गावाला जेवायला सांग. ही काय भीक न्हवं. आपलंच आपल्याकडं येतंय."

आमच्या भागात आहेराचा कायदा न लिहिलेला पण पक्का आहे. घातलेला आहेर परत येतो, येताना थोडा वाढून येतो, आणि आलेला आपल्याला कधीतरी फेडावा लागतो. लोक त्यासाठी वह्या ठेवतात. आईला वही लागत नसे. कुणाच्या बारशाला आपण काय घातलं, ते तिला आपल्या बाळंतपणाच्या तारखेसारखं पाठ असायचं.

"मग हिच्या लग्नाला कोण काय घालंल?" आईने तेव्हा विचारलं होतं.

"डॉक्टरणीच्या लग्नाला आहेर लागतोय व्हय?" आत्याने तिला उडवून लावलं. पत्रिका छापायचं काम तेवढं अण्णांनी आपल्याकडे घेतलं.

ते काम असं झालं होतं.

अण्णा ऊन कलताना आले. कॅरियरला वांग्यांचं पोतं होतं. आत्याने पत्रिका त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि आईकडे पाणी मागितलं.

"अरं, बोल की!"

"छापलंय ते छापलंय, आक्का."

"छापलंय ते छापलंय? उद्या तीनशे माणूस जेवंल, ढेकर देईल आन् हात हलवत घरला जाईल. पोरीची फी काय ढेकरांनी भरायची?"

"मग काय दारोदार जाऊन आहेर आणा म्हणून सांगू?"

"तू नको सांगूस. मी सांगते. माझी काय जीभ झिजत न्हाई."

"न्हाई!" अण्णांनी आवाज चढवलेला मी तोवर ऐकलाच नव्हता. त्यांचा त्यांनाही तो नवा वाटला असावा, कारण पुढचं ते अगदी हळू बोलले. "कुणी एक अक्षर बोलायचं न्हाई. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला, आक्का."

आत्याचा भावावर कितीही तोरा असला तरी शपथेपुढे तिचं चालत नसे. तिने सगळा राग छापखान्यावर काढला. "त्या शौकतचा साचा! सगळ्या लग्नाच्या पत्रिकांत ही वळ असती. तशीच ठेवून मोकळा झाला मुडदा."

अण्णांनी तांब्या खाली ठेवला आणि वांग्यांचं पोतं सोडायला लागले.

मला ते सहन झालं नाही. माझा स्वभाव आईचा नाही, आत्याचा आहे. चपला घातल्या आणि थेट मुजावरांच्या छापखान्यात गेले. शौकत मुजावर अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. मी त्यांना चाचा म्हणायची. गावातल्या सगळ्या लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं आणि दहाव्या-तेराव्याची कार्डं त्यांच्याच पायाने चालवायच्या मशीनवर छापली जात. मी गेले तेव्हा ते मशीन पुसत होते.

"चाचा, हे काय केलंत तुम्ही?" मी पत्रिका त्यांच्यापुढे आपटली. "आहेरासाठी कार्य काढलंय, आणि तुम्ही छापताय आहेर आणू नये?"

त्यांनी पत्रिका उचलली नाही. जागेवरूनच खालची ओळ पाहिली. मग रॉकेलच्या फडक्याने एकेक बोट पुसत बसले.

"बापूराव काय म्हणाला?"

"काही नाही. छापलंय ते छापलंय म्हणाले."

"दुसरं कायच न्हाई म्हणाला?"

"अण्णा कधी कुणाला काही म्हणतात का? म्हणून तर मी आले. माझी दोन वर्षं गेली चाचा. तिथे उणे वीसात राहून बटाटे खाऊन काढलेली दोन वर्षं. तुमच्या एका ओळीपायी."

मला रडू फुटलं. रागाने फुटलं, पण रडूच ते. चाचा उठले, माठातलं पाणी आणून दिलं.

"चुकलं बाई माझं," ते म्हणाले. "साच्यातली वळ काढायची राहिली. तू रडू नकोस. मी बघतो काय ते."

दुसऱ्या दिवशी दारात मांडव पडला. पूजा झाली, आणि साडेअकरापासून माणसं यायला लागली. गव्हाची खीर, वांग्याची भाजी, आमटी, भात. मला मांडवाच्या तोंडाशी खुर्चीवर बसवलं होतं. अंगावर आईची जरीची साडी. नवरदेव सोडून सगळं लग्नासारखं होतं.

माणसं येत, माझ्या डोक्यावर हात ठेवत, आणि तो हात रिकामाच असे. बायका फार तर नारळ आणि खण घेऊन आल्या होत्या.

"पत्रिकेत नको म्हणलंयसा, म्हणून काय आणलं न्हाई बगा."

"आणणार हुतो, पर मालक म्हणाले, कंपाउंडर रागावतील."

प्रत्येक रिकाम्या हाताबरोबर मी मनातल्या मनात एकेक विषय सोडत होते. आधी शल्यचिकित्सा गेली, मग औषधशास्त्र, मग स्त्रीरोग. दुपारी एकपर्यंत मी पुन्हा बारावी पास होऊन बसले होते.

आणि अण्णा? अण्णांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. नवी टोपी, नवा सदरा. पंगतीतून वाकून वाकून आग्रह करत होते. "घ्या की! एक पळी घ्या. आमच्या घरचं पयलंच कार्य हाय." आयुष्यभर दुसऱ्यांच्या मांडवात खाली मान घालून जेवलेला माणूस स्वतःच्या मांडवात वाढत होता. सोसायटीचे चेअरमन जाधव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कंपाउंडर, मन लागतंय ह्याला. लोक पोरांच्या शिक्षणाच्या नावावर मागत फिरत्यात, तुमी जेवू घालताय." अण्णांनी हात जोडले. चेहरा फुलला होता. मला तो चेहरा बघवेना.

आमच्याकडे मांडवात माइक असतो. एरवी त्याच्यावरून आहेर पुकारतात. अमुक अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये, आभारी आहोत. त्या दिवशी पुकारायला काही नव्हतं, म्हणून नुसतीच भक्तिगीतं चालली होती. दुसरी पंगत बसली आणि गाणं मध्येच थांबलं. शौकतचाचांचा आवाज आला.

"मंडळी, जेवता जेवता ऐका. मी शौकत मुजावर, छापखान्यावाला. पत्रिकेत आहेराची जी वळ हाय ती माझ्या चुकीनं छापली गेली. बापूरावांनी ती घालायला सांगितली न्हवती. त्यांच्या पोरीला परदेशात फी भरायची हाय. एवढंच सांगायचं हुतं. माफी असावी."

वाढपी जिथल्या तिथे थांबले. माझ्या जिवात जीव आला. आत्याने तर उघड उघड आकाशाकडे बघून हात जोडले.

तेवढ्यात अण्णा आमटीची बादली खाली ठेवून माइककडे गेले. माइकवर ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. तो हातात कसा धरतात हेसुद्धा चाचांनी दाखवलं.

"शौकतभाई माझा भाऊच हाय," ते म्हणाले. "माझ्यासाठी खोटं बोलतोय. त्याची काय चूक न्हाई. ती वळ मीच घालायला लावली. माझ्या पोरीला तुमचं आशीर्वाद पायजेत, दुसरं काय नको. सावकाश जेवा."

टाळ्या पडल्या. खरकट्या हातांनी लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणूस बघा, दोस्ताची चूक स्वतःच्या अंगावर घेतली, असं माझ्या शेजारी एक म्हातारे डोळे पुसत म्हणाले. आत्याने कपाळावर हात मारून घेतला, त्याचा आवाज मला तिथवर आला.

मी चुलाणापाशी अण्णांना गाठलं.

"फीचं काय अण्णा?"

"बघतो मी."

"काय बघता? कुठून बघता? तुम्हाला चाचांचं नाव राखायचंय, गावात मोठेपणा मिरवायचाय. माझं काय?"

ते काहीतरी सांगणार होते. ओठ हललेही. पण आई कढई घेऊन तिथेच आली, आणि ते म्हणाले, "तू बस जा खुर्चीवर. लोकं यायलीत." त्या दिवशी मी माझ्या वडिलांचा मनापासून राग केला. आयुष्यात तेवढा एकदाच, पण केला.

दुसऱ्या दिवशी अण्णा डबा विसरून कामावर गेले. तो द्यायला मी आणि आई दहाच्या सुमारास दवाखान्यात गेलो, तर बाहेर रस्त्यापर्यंत रांग. तीही डॉक्टरांच्या दाराशी नाही, औषधांच्या खिडकीशी. पुढे गिरजाक्का. सत्तरीची बाई, पण दगड पचवील अशी, दवाखान्याची पायरी कधी चढलेली नव्हती.

"काय होतंय गिरजाक्का?" अण्णा खिडकीतून विचारत होते.

"काय व्हायचंय मला? हे घे." तिने कनवटीची नोट काढून खिडकीत ठेवली. शंभराची होती. "पोरीच्या फीला."

"अगं, पत्रिकेत म्हणलंय ना आहेर आणू नये म्हणून?"

"कार्याला आणू नये म्हणलंयस. दवाखान्यात आणू नये असं कुठं छापलंय?"

रांगेत खसखस पिकली. अण्णा नोट परत सरकवायला लागले, तेव्हा म्हातारी खवळली. "माझ्या रखमाच्या लग्नात तू एक्कावन घातलंस, तवा मी नको म्हणलं व्हतं? तू लय मोठा झालास, आन् आमी फुकटचं जेवणारं व्हय रं?"

दुसऱ्याच्या मांडवात जेवून रिकाम्या हाताने घरी गेलेलं त्या गावाला रात्रभर पचलं नव्हतं. मागचे पुढे सरकले. कुणी एक्कावन्न, कुणी एकशे एक. जाधव चेअरमननी पाचशे एक दिले. डॉक्टर गुजर केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, "कंपाउंडर, साथ आली का काय गावात?" कळल्यावर ते आत गेले आणि पाकीट घेऊन रांगेत उभे राहिले. स्वतःच्याच दवाखान्यात, नंबराने.

अण्णांचा हात पुढे होईना. तेव्हा आईने मला दंडाला धरून खिडकीच्या आत नेलं.

"तू घे. तुझ्या हातानं घे आन् तोंडाकडं बघून घे. लिहायचं न्हाई, ध्यानात ठेवायचं. हे तुला फेडायचं हाय."

मी घेत गेले. अण्णा माझ्याकडे पाठ करून बाटल्या भरत बसले. त्या दिवशी त्यांच्याकडून दोन बाटल्या सांडल्या. मला वाटलं, गहिवरले आहेत.

आठ दिवस हे चाललं. विट्याची माणसं सोनंचांदी वितळवून शुद्ध करायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली. कोइमतूर, त्रिचूर, कुठून कुठून मनीऑर्डरी आल्या. साठ हजार होऊन वर माझ्या विमानाची निम्मी सोय झाली. मी गेले. पुढच्या वर्षांना त्याच गावातले लोक जामीन राहिले आणि पतसंस्थेने कर्ज दिलं. मी डॉक्टर झाले. इकडे आल्यावर परदेशी पदवीवाल्यांना द्यावी लागते ती परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले. पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळत होती, ती सोडून विट्याला परतले आणि मायणी रस्त्याच्या जागेवर दवाखाना काढला. लग्न नोंदणी पद्धतीने केलं आणि गावात फक्त पेढे वाटले, कारण माझ्या लग्नाचा आहेर मी आधीच खर्चून बसले होते.

अण्णा कामातून निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी माझ्या दवाखान्यातल्या बाकावर येऊन बसत. अधूनमधून म्हणत, "उजा, तुझ्यासारखीनं हितं कशाला राहायचं? पुण्याला जावावं. अजून वय हाय." मी केसपेपर लिहिता लिहिता हसून म्हणायची, "कुठं जाऊ अण्णा? तीनशे घरांचं देणं आहे डोक्यावर." वर्षानुवर्षं आमचं हेच चालायचं. माझी ती ठरलेली गंमत होती.

अण्णा गेले त्याला आता चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात शौकतचाचा ब्लडप्रेशर दाखवायला आले. ऐंशी ओलांडलीय. छापखाना केव्हाच बंद झाला. मुलगा फ्लेक्स करतो. मी दंडाला पट्टा बांधत होते तेव्हा म्हणाले,

"बापूराव गेला. आता सांगितलं तर चालंल. त्यानं शपथ घातली हुती."

"काय?"

"ती वळ. मी साच्यातनं काढून ठेवलीवती. अन्साबाईंनी चारदा बजावलं हुतं, इसरीन कसा? छपाईच्या टायमाला बापूराव आला. म्हणला, शौकतभाई, ती वळ घाला परत. मी म्हणलं, अरं, मग कार्य कशापायी? म्हणला, गावाला एकदा जेवू घालायचंय, म्हणून. पैशाचं बघितलंय मी. जागेचा इसार घेतलाय."

माझा हात पंपावर तसाच राहिला.

"जागा विकली होती?"

"ठरवलीवती. पाच हजार घेतलेले. घरात कुणाला ठावं न्हवतं. आईला तुझ्या कसं सांगायचं, त्यातच पडला हुता. आहेर आल्यावर मग इसार परत केला त्यानं, वर दंड भरून."

"पण का चाचा? आहेर येत होता ना? आयता?"

"तेच तर मी इचारलं." चाचांनी डोळे मिटून घेतले, नीट आठवायला. "म्हणला, आहेर फेडावा लागतोय शौकतभाई. तीनशे घरचा घेतला तर पोरगी जन्मभर तेच फेडत बसंल. मी पंचवीस वर्षं ह्या खिडकीत उभा हाय. गाव कसं धरून ठेवतंय ते मला इचारा. वाईट न्हाईत माणसं, पर सोडत न्हाईत. जागा गेली तर गेली. तिला कुणाचं कायबी द्यायचं नको. तिला पायजे तिथं जाऊ दे."

बाहेर एक लहान मूल रडत होतं. मी चाचांच्या दंडावरचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला.

"म्हणजे अण्णा माइकवर खरं बोलत होते."

"व्हय. एवढ्या मांडवात खरं बोलणारा तो एकटाच हुता. आन् लोकांनी टाळ्या दिल्या त्या तो खोटं बोलला म्हणून."

"मग तुम्ही का बोललात खोटं?"

"तू आलीस छापखान्यात रडत. आन् खरं सांगायचं तर माझा मतलब हुता. मला वाटलं, जागा गेली तर तू काय परत येत न्हाईस. म्हातारपणी आमी काय सांगलीला पळायचं? बापूराव त्यावर मला एक शब्द बोलला न्हाई कधी. पर मला तवापास्नं लागून राहिलंय. चुकलं का गं माझं?"

"नाही चाचा," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. मला इथंच राहायचं होतं. रशियातल्या त्या थंडीत, पुण्याच्या त्या हॉस्पिटलच्या मुलाखतीतसुद्धा, मला हाच रस्ता आणि हीच माणसं दिसत होती. देणं फेडायला मी आलेच नव्हते. मला गाव आवडतं म्हणून आले. हे मी नवऱ्याला सांगितलंय, मैत्रिणींना सांगितलंय. अण्णांना कधी सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊकच असणार, असं मी धरून चालले होते.

चाचा गेले. पुढचा पेशंट आत येऊन बसला, आणि मला अण्णांच्या शेवटच्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ आठवली. दवाखाना भरलेला होता. अण्णा बाकावरून उठून माझ्या टेबलापाशी आले आणि कानाशी वाकून म्हणाले, "उजा, किती घरं राहिली गं अजून फेडायची?"

त्या दिवसांत ते कधी कधी असंबद्ध बोलत. म्हाताऱ्या माणसांचं तसं होतं, मी रोज बघते. अशा वेळी वाद घालायचा नसतो, आपण त्यांच्या कलाने घ्यायचं असतं. मी मान वर न करता म्हटलं, "पुष्कळ राहिलीत अण्णा. तुम्ही घरी जा, जेवून घ्या."

ते "बरं" म्हणाले आणि गेले.